गोदीगावचा बेसवाला

माइक वॉट आणि त्याचा दोस्त डी. बून यांनी बँड काढायचं मनावर घेतलं तेव्हा दोघंही शाळकरी वयाचे होते, आणि बेस गिटार हे वाद्य त्यांनी प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नव्हतं. पाहिले होते ते रेकॉर्डच्या कव्हरांवरचे फोटो. फोटोतल्या बेसला चारच खुंट्या दिसत. तेव्हा वॉटने साध्या गिटारच्या सहा तारांपैकी दोन काढून टाकल्या आणि हाच बेस, अशा समजुतीने तो वाजवत बसला. पुढे खरा बेस हाती आला तेव्हा त्या तारांची जाडी पाहून तो चाट पडला. बेस वाजवायचं हेही त्याने आपणहून ठरवलेलं नव्हतं. पोरं शाळा सुटल्यावर रस्त्यावर उंडारू नयेत, घरात डोळ्यांसमोर राहावीत, म्हणून डी. बूनच्या आईने आपल्या मुलाला गिटार धरायला लावली आणि त्याच्या दोस्ताला सांगितलं, तू बेस वाजव.

साठी कधीच ओलांडलेला वॉट अजून तेच करतो आहे. अमेरिकी पंकच्या भूमिगत दुनियेत त्याच्याइतकं सातत्याने, त्याच्याइतक्या कमी पैशांत आणि त्याच्याइतक्या बिनतक्रार पद्धतीने काम केलेली माणसं थोडीच सापडतील. पंक म्हटलं की आपल्यासमोर रंगवलेले उभे केस, फाटकी जाकिटं आणि तोडफोड उभी राहते. वॉटची गोष्ट त्या चित्रात बसत नाही. त्याच्या गोष्टीत व्हॅनचं पेट्रोल आहे, स्टुडिओचं तासाचं भाडं आहे, दुसऱ्यांनी वापरून झालेली टेप आहे आणि सकाळी उठून गाठायची नोकरी आहे.

गाव सान पेद्रो. स्थानिक लोक त्याला पीड्रो म्हणतात, आणि कुणी स्पॅनिश वळणाने नीट उच्चार केला की तो बाहेरचा हे त्यांना लगेच कळतं. १९०९मध्ये हे गाव लॉस एंजलिस शहरात सामील झालं, पण हॉलिवुडची झगमग आणि इथली गोदी यांचा एकमेकांशी संबंध नकाशापुरताच. क्रोएशियातून आणि इटलीतून आलेले मच्छीमार, मासे डबाबंद करणारे कारखाने, जहाजं भरणारे-उतरवणारे गोदी कामगार, नौदलाची वसाहत अशी इथली वस्ती. संपाचा इतिहासही तगडा. १९२३च्या गोदी संपात अप्टन सिंक्लेअर हा लेखक इथल्या एका टेकडीवर उभा राहून अमेरिकेची राज्यघटना वाचायला लागला आणि पोलिसांनी त्याला अटक केली. १९३४च्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या संपात इथे कामगारांची डोकी फुटली, जीवही गेले. चार्ल्स बुकोव्स्की हा कवी १९७८मध्ये इथे राहायला आला तो मरेपर्यंत इथेच राहिला. थोडक्यात, कलेला इथे मज्जाव नव्हता. कलाकार म्हणून मिरवायला मात्र फारशी जागा नव्हती.

वॉटचे वडील नौदलात जहाजाच्या इंजिनखोलीत काम करत. त्याचा जन्म १९५७चा, व्हर्जिनियातला. वडिलांच्या बदलीबरोबर तो सान पेद्रोला आला. बून त्याच्याहून काही महिन्यांनी लहान. त्याचे वडील मोटारींत रेडिओ बसवण्याचं काम करत आणि कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बराकींची घरं केलेल्या सरकारी वसाहतीत राहत असे. दोघांची पहिली भेट पेक पार्कमधली. बून झाडावर चढून बसला होता. खालून जाणारा वॉट त्याला आपला एक मित्र वाटला आणि त्याने वरून थेट त्याच्यासमोर उडी मारली. माणूस चुकला, पण गप्पा सुरू झाल्या. बून एकामागून एक असे भन्नाट विनोद सांगत सुटला की वॉटला वाटलं, इतका हुशार मुलगा आपण आजवर पाहिलेला नाही. मग एकदा तो बूनच्या घरी गेला, तिथे जॉर्ज कार्लिनच्या विनोदी कार्यक्रमांच्या रेकॉर्ड लागल्या, आणि सगळे विनोद त्यातलेच निघाले. दोस्ती एव्हाना पक्की झालेली होती.

त्या काळचं रॉक संगीत म्हणजे हजारो माणसांच्या स्टेडियममधले कार्यक्रम. मागच्या रांगेत बसलेल्या पोराला मंचावरचा गवई मुंगीएवढा दिसायचा. आवडती गाणी हुबेहूब वाजवून पाहायची एवढंच आपलं काम, गाणी रचणारे लोक वेगळे, असं या दोघांना प्रामाणिकपणे वाटत असे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलवर दोघांचा जीव. त्या बँडच्या जॉन फोगर्टीसारखा चौकटीचा फ्लॅनेलचा शर्ट वॉटने अंगात घातला, तो पुढे त्याची ओळख होऊन बसला. ‘डी. बून’ या नावातही असाच एक नमस्कार होता. ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडच्या ई. ब्लूमच्या चालीवर ते घेतलेलं.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीला हॉलिवुडात पंक बँड वाजायला लागले आणि हे दोघं गाडी काढून तिथे जाऊ लागले. तिथे पाहिलं ते अजबच होतं. मंचावरच्या लोकांना धड वाजवता येत नव्हतं, तरी ते स्वतःची गाणी म्हणत होते आणि कार्यक्रम संपल्यावर खाली उतरून तुमच्याशेजारी उभे राहत होते. मला वाटतं, पंकने या दोघांना दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पंकची एक ठरावीक शैली असते असं त्यांनी कधी मानलं नाही. गाणं करण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, एवढं त्यांनी त्यातून उचललं.

पहिला बँड रिअ‍ॅक्शनरीज, वर्षभरात मोडला. १९८०च्या सुरुवातीला मिनिटमेन उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत ड्रमवर जॉर्ज हर्ली आला. हर्ली लाटांवर स्वार होणारा, शाळेत भाव खाऊन असलेला मुलगा. वॉट आणि बून पुस्तकी किडे. शाळेत या तिघांचं कदाचित बोलणंही झालं नसेल. हर्ली एका कारखान्यात यंत्रावर काम करायचा, वॉट वकिलांच्या हाताखाली कागदपत्रांचं काम करायचा, आणि बूनही कधी ही तर कधी ती नोकरी धरून असायचा. बँड चालावा म्हणून नोकरी सोडावी, असा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. उलट, बूनने सान पेद्रोतलं एक थिएटर भाड्याने घेऊन कार्यक्रम केले तेव्हा ते संध्याकाळी लवकर ठेवले. पहाटे कामावर जायचं असलेल्या माणसालाही गाणं ऐकून वेळेवर घरी जाता यावं, हा त्यामागचा साधा हिशोब.

त्यांची रेकॉर्ड काढली एसएसटी या कंपनीने. ब्लॅक फ्लॅग या बँडचा ग्रेग गिन शाळकरी वयापासून हौशी रेडिओवाल्यांना लागणारी यंत्रं टपालाने विकायचा. त्याच धंद्याचं नाव त्याने रेकॉर्ड कंपनीला लावलं. ब्लॅक फ्लॅगनंतर या कंपनीने काढलेली दुसरी रेकॉर्ड मिनिटमेनची: ‘पॅरानॉइड टाइम’, १९८०. सात गाणी आणि सगळी मिळून सात मिनिटांच्या आत. पुढच्या वर्षी आलेल्या ‘द पंच लाइन’मध्ये अठरा गाणी, पंधरा मिनिटांत. इंग्लंडच्या वायर या बँडकडून त्यांनी धडा घेतला होता: सांगायचं ते सांगून झालं की थांबायचं, ध्रुवपद घोळवत बसायचं नाही.

‘पॅरानॉइड टाइम’च्या कव्हरवर शाईने काढलेलं एक चित्र आहे. चित्रकार रेमंड पेटिबॉन, म्हणजे गिनचा भाऊ. अर्थशास्त्राची पदवी घेतलेला आणि काही काळ शाळेत गणित शिकवलेला हा माणूस. ब्लॅक फ्लॅगचं नाव आणि त्याची ती चार काळ्या पट्ट्यांची खूण त्याचीच. त्याची चित्रं कॉमिकच्या चौकटीसारखी दिसतात, पण खाली लिहिलेलं वाक्य चित्राशी जुळत नाही. दोन्हींच्या फटीत काहीतरी भयंकर शिजत असतं. ही चित्रं फोटोकॉपी होऊन कार्यक्रमांच्या पत्रकांवर छापली जात आणि लॉस एंजलिसच्या विजेच्या खांबांवर खळीने चिकटत. लोक ती उपटून घरी नेत, पाऊस पडला की उरलेली गळून जात. आज त्याच माणसाची चित्रं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत आणि २०१७मध्ये न्यू म्युझियमने त्याचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं होतं. खांबावरून संग्रहालयात जाणारा रस्ता बँडवाल्यांना मात्र सापडला नाही. चित्र मागे उरतं, विकत घेता येतं, भिंतीवर टांगता येतं. शनिवारी रात्री साठ माणसांसमोर वाजवलेलं गाणं कुठे टांगणार?

वॉटने या सगळ्या उद्योगाची विभागणी दोनच खात्यांत केली होती. एक खातं प्रत्यक्ष कार्यक्रमाचं, दुसरं पत्रकांचं. कार्यक्रम म्हणजे खरं काम. बाकी सगळं, म्हणजे मुलाखत, फोटो, एवढंच काय, रेकॉर्डसुद्धा, लोकांनी कार्यक्रमाला यावं म्हणून वाटलेलं पत्रक. बहुतेक बँड रेकॉर्डच्या जाहिरातीसाठी दौरे काढतात. इथे गणित उलटं मांडलेलं, आणि ते उलटं मांडल्यावर खर्चाची सगळी उत्तरं आपोआप बदलतात. पत्रकावर कोण हजारो डॉलर उधळेल?

म्हणून ते रात्री उशिरा, स्टुडिओचं भाडं उतरतं त्या वेळी रेकॉर्डिंग करत. कुणीतरी वापरून झालेली टेप स्वस्तात घेत. रेकॉर्डवर गाणी ज्या क्रमाने यायची त्याच क्रमाने वाजवत, म्हणजे नंतर टेप कापून जोडायचा वेळ वाचतो. स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी गाणी इतकी घोटलेली असत की दुसऱ्यांदा वाजवायची वेळ शक्यतो येऊ नये. या पद्धतीला त्यांनी ‘इकॉनो’ असं नाव दिलं होतं. त्यात काटकसर तर होतीच, शिवाय फोर्डची इकोनोलाइन ही व्हॅनही होती. २००५मध्ये त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटाच्या नावातही हाच शब्द आहे.

दौऱ्यावरही तेच. दसऱ्याला बाहेर पडलेला तमाशाचा फड जसा आपला तंबू, आपले दिवे, आपली वाद्यं घेऊन गावोगाव जातो, तसे हे तिघं आपला पसारा व्हॅनमध्ये भरून निघत. हमाली स्वतः करायची, गाडी पाळीपाळीने चालवायची, रात्री कुणा श्रोत्याच्या घरी फरशीवर पथारी टाकायची. हॉटेल नाही, व्यवस्थापक नाही, दिवे लावणारा नाही. मधला सुट्टीचा दिवस वॉटच्या हिशोबात बसतच नाही, कारण ज्या दिवशी कार्यक्रम नाही त्या दिवशी खायला आणि पेट्रोलला पैसे जातात, येत काहीच नाही. मोठ्या कंपनीकडून उचल घेऊन निघालेले त्या काळचे कित्येक बँड दौरा संपवून कर्ज घेऊन परतत. मिनिटमेन घरी येताना खिशात पैसे घेऊन येत. थोडेच, पण येत.

ही सगळी शिस्त ऐकून असं वाटेल की त्यांचं संगीतही जेमतेम असेल. तिथेच माणूस फसतो.

रॉक बँडमध्ये बहुधा गिटारवाला धनी असतो. त्याचा आवाज वरून खालपर्यंत सगळी जागा व्यापतो, आणि बेस-ड्रमवाल्यांनी मागे ठेका धरायचा. बूनला हे राजकीयदृष्ट्या पटत नव्हतं. त्याने आपल्या टेलिकास्टर गिटारचा खर्ज जवळजवळ काढूनच टाकला आणि वरचे सूर इतके चढवले की गिटार पत्र्यासारखी तीक्ष्ण, कर्कश वाजायला लागली. खाली मोकळी झालेली सगळी जागा वॉटच्या बेसला आणि हर्लीच्या ड्रम्सना. त्यांची ‘डबल निकल्स’ ही रेकॉर्ड नीट हेडफोन लावून ऐका: तीन माणसं एकाच वेळी बोलतायत आणि कुणी कुणाचं तोंड दाबत नाही, असं स्पष्ट कळतं. बेस पुढे येऊन चाल घेतो, ड्रम्स त्याच्याशी वाद घालतात, गिटार मध्येच चिमटा काढून बाजूला होते. समतेवर गाणी लिहिणारे पुष्कळ झाले. अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर समता आणणारा माझ्या माहितीत हाच.

बून देहाने चांगला आडवा, आणि मंचावर सतत उड्या मारणारा. मध्य अमेरिकेत रेगन सरकार काय करतंय, याबद्दल तो पोटतिडकीने लिहायचा. वॉटची गाणी त्या मानाने कोड्यासारखी, स्वतःशीच बोलणारी. दोघं रात्र रात्र भांडत. इतिहासावर, राजकारणावर, कशावरही. १९८३मध्ये ब्लॅक फ्लॅगबरोबर ते युरोपात गेले तेव्हा प्रेक्षकांनी अंगावर थुंकून स्वागत केलं. पंक बँडवर थुंकणं हा तिथे कौतुकाचा भाग समजला जायचा. कौतुकाचे काही प्रकार न झालेलेच बरे.

एवढ्यावर न थांबता बून, वॉट आणि त्यांचा एक जुना साथी यांनी १९८०मध्ये न्यू अलायन्स नावाची स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनीही काढली. मिनिआपोलिसच्या हस्कर डूची पहिली मोठी रेकॉर्ड, डिसेंडंट्सची ‘माइलो गोज टू कॉलेज’, ही दोन्ही १९८२ची कामं या कंपनीची. दोन्ही बँड पुढे नामवंत झाले. गावातल्या आणि गावाबाहेरच्या अनोळखी पोरांची गाणी बाहेर यावीत, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता. धंदा म्हणून त्यात फार काही हाती लागण्यासारखं नव्हतं.

१९८३च्या अखेरीला त्यांनी एका रेकॉर्डपुरती गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. तेवढ्यात हस्कर डूने ‘झेन आर्केड’ नावाची दुहेरी रेकॉर्ड तयार केल्याचं कळलं. मग आपणही दुहेरीच करायची, असं मिनिटमेनने ठरवलं आणि भराभर आणखी गाणी लिहून काढली. इतर मित्रांकडूनही शब्द मागवले. १९८४च्या एप्रिलमध्ये उरलेलं रेकॉर्डिंग झालं. व्हेनिसमधल्या रेडिओ टोकियो स्टुडिओत इथन जेम्सने सगळ्याचं मिक्सिंग एका रात्रीत उरकलं. पंचेचाळीस गाणी, चार बाजू, एकूण खर्च अकराशे डॉलर.

बाजूंची वाटणीही गमतीची. पिंक फ्लॉइडच्या ‘उम्मागुम्मा’त प्रत्येक वादकाला स्वतःचा हिस्सा मिळाला होता, तसं तिघांनी एकेक बाजू घेतली आणि आपापली गाणी पाळीने निवडली. कुणालाच नको असलेली उरलीसुरली चौथ्या बाजूला गेली आणि त्या बाजूला नावच ‘भुस्सा’ अशा अर्थाचं दिलं. प्रत्येकाच्या बाजूच्या सुरुवातीला त्याच्या स्वतःच्या मोटारीचं इंजिन सुरू होतानाचा आवाज आहे. त्यात स्पोर्ट्स कार कुठली असायला!

मोटारींचा हा विषय आला सॅमी हेगरमुळे. या प्रसिद्ध रॉक गायकाने त्या वर्षी एक गाणं काढलं होतं, ताशी पंचावन्न मैलांची सक्ती आपल्याला मानवत नाही असं सांगणारं. मिनिटमेनला हे बंड भलतंच स्वस्त वाटलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की, गाडी आम्ही कायद्यात बसेल अशीच चालवू, बेफामपणा गाण्यात करू. या दुहेरी रेकॉर्डचं ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ हे नाव ट्रकवाल्यांच्या बोलीतलं, दहा नंबरच्या महामार्गावर पंचावन्नच्या वेगाने. कव्हरसाठी वॉट आपली फोक्सवॅगन बीटल चालवत होता आणि मागच्या सीटवर बसून एक मित्र फोटो काढत होता. वॉटला एकाच फोटोत तीन गोष्टी हव्या होत्या: आरशात आपले हसरे डोळे, वेगाचा काटा बरोबर पंचावन्नवर, आणि समोर डोक्यावरून जाणारी सान पेद्रोची पाटी. त्यासाठी तोच रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घालावा लागला. विनोद इतका आतल्या गोटातला होता की बहुतेक गिऱ्हाइकांना तो कळलाच नाही. रेकॉर्ड मात्र टिकली. अमेरिकी स्वतंत्र रॉकबद्दल लिहिणारा कुणीही ती टाळून पुढे जाऊ शकत नाही. मायकेल अझेराडने २००१मध्ये या सगळ्या पिढीवर जे पुस्तक लिहिलं, त्याचं नावसुद्धा याच रेकॉर्डवरच्या एका गाण्यातून घेतलेलं आहे.

त्याच रेकॉर्डवर ‘कोरोना’ नावाचं गाणं आहे. रोगाशी त्याचा संबंध नाही. ते मेक्सिकोतल्या बिअरचं नाव. बँड आणि मित्रमंडळी चार जुलैला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर मौज करायला गेली होती. सकाळी एक बाई वाळूतल्या रिकाम्या बाटल्या गोळा करताना दिसली, परत केल्यावर मिळणाऱ्या चिल्लरसाठी. ते पाहून बूनने गाणं लिहिलं. पुढे एमटीव्हीच्या ‘जॅकअ‍ॅस’ या अचाट-आचरट कार्यक्रमाने त्याची सुरुवातीची गिटार शीर्षकसंगीत म्हणून उचलली आणि ती सुरावट जगभर पोचली. गाणं कशावर आहे हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल, हा प्रश्न वेगळा.

१९८५मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट: मर्श’ काढली. ‘बाजारू’ गाणी केली तर काय होईल, याची ती थट्टा होती: लांब गाणी, ट्रम्पेट, शेवटी आवाज हळूहळू विरत जाणं, सगळं रीतसर. कव्हरवरचं चित्र बूनने स्वतः रंगवलं. त्यात कंपनीचे साहेब बसून बँडकडून हिट गाणी लिहून घेण्याची युक्ती लढवतायत. बाजारू रेकॉर्ड बाजारात ‘डबल निकल्स’पेक्षा कमी खपली. त्याच वर्षीच्या ‘थ्री-वे टाय’ या रेकॉर्डबरोबर त्यांनी चक्क मतपत्रिका दिली. कार्यक्रमांच्या चोरट्या रेकॉर्डिंगची विक्री वाढली होती, म्हणून कुठली गाणी प्रत्यक्ष कार्यक्रमातली हवीत ते श्रोत्यांनी मत देऊन सांगावं आणि त्याप्रमाणे नवी रेकॉर्ड काढावी, अशी योजना होती.

डिसेंबरमध्ये ते आर.ई.एम. या तेव्हा जोरात वर येत असलेल्या बँडबरोबर दौरा करून परतले. २२ डिसेंबर १९८५ला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, त्याच दहा नंबरच्या महामार्गावर, एक व्हॅन रस्त्यावरून उतरली. बून तापाने फणफणलेला, मागे आडवा झोपलेला होता. तो बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. वय सत्तावीस. हा प्रवास बँडच्या कामाचा नव्हता, खासगी होता. त्यामुळे या मृत्यूचं खापर दौऱ्यांच्या दगदगीवर फोडण्यात अर्थ नाही. तरी काटकसरीच्या या आयुष्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही: या दुनियेतली सगळी मंडळी वर्षानुवर्षं दमलेल्या डोळ्यांनी, जुन्या गाड्यांतून, रात्रीबेरात्री शेकडो मैल कापत होती. त्यांच्यामागे ना विमा, ना पगार, ना कुणी सांभाळणारं.

श्रोत्यांच्या मतांवरून ठरलेली रेकॉर्ड १९८७मध्ये निघाली. निकाल लागला तेव्हा बँड उरला नव्हता.

वॉटने वाजवणं सोडून दिल्यातच जमा होतं. मग ओहायोतला एड क्रॉफर्ड नावाचा एकवीस वर्षांचा मिनिटमेनवेडा मुलगा, वॉट आणि हर्ली नवा गिटारवाला शोधतायत अशी खोटी अफवा ऐकून, सान पेद्रोत येऊन धडकला. तो हटेना. शेवटी तिघांनी १९८६मध्ये फायरहोज हा बँड सुरू केला. तो १९९४पर्यंत चालला आणि शेवटी शेवटी तर कोलंबिया या बड्या कंपनीच्या नावाखाली रेकॉर्ड काढत होता. कंपनी बदलली, व्हॅन नाही. १९९५मध्ये वॉट एकट्याच्या नावाची पहिली रेकॉर्ड घेऊन निघाला तेव्हा त्याच्या साथीला पर्ल जॅमचा एडी वेडर आणि निर्वाणा संपल्यावर नुकताच फू फायटर्स काढलेला डेव्ह ग्रोल होते. स्टेडियम भरवू शकणारी ही माणसं छोट्या क्लबांतून, व्हॅनने फिरली, कारण दौरा वॉटचा होता आणि वॉटचा दौरा असाच असतो.

वॉट दौऱ्यावरून वडिलांना पोस्टकार्डं पाठवायचा. मुलगा नेमकं काय करतो हे वडिलांना आधी उमगत नव्हतं. वेगवेगळ्या गावांची कार्डं येत गेली तसं त्यांच्या लक्षात आलं की हाही एक प्रकारे खलाशीच झाला आहे. १९९७च्या ‘कंटेम्प्लेटिंग द इंजिन रूम’ या सलग संगीतकथेत वॉटने हेच धरलं. बोटीच्या इंजिनखोलीतले तीन खलाशी, त्यांचा एक दिवस. आणि तेच तिघं म्हणजे मिनिटमेन. वडिलांचं काम आणि मुलाचं काम एकाच यंत्रावर चढवलेलं. माझ्या मते वॉटचं एकट्याचं सर्वांत चांगलं काम हे.

२०००मध्ये तो मरता मरता वाचला. अंगातलं एक गळू फुटलं, विष पसरलं, महिनोन्‌महिने अंथरूण. उठून बसला तेव्हा बोटांना बेस पेलवेना. त्याने पोरवयात ऐकलेल्या स्टूजेस या बँडची साधी, एकसुरी गाणी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन वर्षांनी त्याच स्टूजेसने पुन्हा एकत्र यायचं ठरवलं. त्यांचा मूळ बेसवाला कधीच वारला होता. त्यांचा गायक इगी पॉपच्या मागे उभं राहून बेस वाजवायचं काम वॉटकडे आलं आणि पुढची दहा वर्षं त्याने ते केलं. तिथे मोठे मंच होते, विमानं होती, हॉटेलं होती. स्टूजेसला सुट्टी असली की हा गडी आपल्या छोट्या त्रिकुटाला घेऊन परत व्हॅनमध्ये.

त्या दौऱ्यांच्या धामधुमीतच माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात त्याने हिरोनिमस बॉशची चित्रं पाहिली. अर्धी माणसं, अर्धे पक्षी, पोटाच्या जागी अंडं असलेले विचित्र जीव. दरम्यान माहितीपटाच्या निमित्ताने, कित्येक वर्षांनी, मिनिटमेनची जुनी गाणी त्याला नीट ऐकावी लागली होती आणि छोट्या गाण्यांचा तो जुना घाट पुन्हा खुणावू लागला होता. दोन्ही मिळून २०१०चं ‘हायफनेटेड-मॅन’ तयार झालं: तीस छोटी गाणी, एकेक बॉशच्या एकेका प्राण्यावर. यातली एकही चाल त्याने बेसवर बांधली नाही. सगळी बांधली डी. बूनच्या टेलिकास्टरवर. रेकॉर्डिंगच्या वेळी आधी गिटार आणि ड्रम्स वाजवून घेतले, आपला बेस त्याने सगळ्यात शेवटी चढवला. मग गाणी एका दमात, मध्ये न थांबता वाजवायची तालीम करून तिघं अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, जवळजवळ रोज रात्री एक गाव.